वन्संची पेशंट

वन्सं नर्सिंगला गेल्या, त्यातले पहिले सहा महिने मी निम्मे डोळे मिटून काढले. आजारी नव्हते. घरात पेशंट व्हायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून मी झाले.

वन्सं म्हणजे माझी नणंद. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण आमच्याकडं नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणतात आणि अहो-जाहो करतात, मग ती फ्रॉकातली पोर का असेना. त्या मला वहिनी म्हणायच्या आणि अगं-तूगं करायच्या. ही रीत मला कधी वावगी वाटली नाही. मी मुळातच कमी बोलणारी. चौथीनंतर शाळा सुटली, तिच्याबरोबर माझं बोलणंही सुटलं, असं आई म्हणायची. लग्न होऊन मी आंबेगाव तालुक्यातून इकडं जुन्नरच्या पश्चिमेला, मढच्या पुढं डोंगराखालच्या वस्तीवर आले, तेव्हा वर्षभर शेजारपाजारच्यांना वाटायचं, सून मुकी आहे की काय.

इकडं पावसाळ्यात धुकं घरात येतं. दार उघडं राहिलं की चुलीपर्यंत येऊन बसतं, पाहुण्यासारखं. त्या दिवसांतलं मला जे आठवतं तेही असंच धुक्यातून आठवतं. काय आधी, काय नंतर, ते मला जुळवावं लागतं. पण कुठून साबणाचा वास आला, म्हणजे अंगाचा नव्हे, तो लाल, दवाखान्यातला साबण, की सगळं आपोआप ओळीनं येतं.

वन्सं बारावी झाल्या आणि मंचरच्या अलीकडं एका दवाखान्याला लागून नर्सिंगची शाळा होती, तिथं त्यांचा नंबर लागला. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्या चुलीपुढं बसून म्हणाल्या, "परक्या बाप्याचं अंग पुसायचं आन त्याला शिक्शान म्हनायचं?"

आमच्या घरातले, म्हणजे माझे मालक, म्हणाले, "आये, मागं तू दवाखान्यात पडली व्हतीस तवा तुजं अंग कुनी पुसलं? देवानं येऊन?"

"पुसलं आसंल कुनीतरी. ती कुनाची तरी लेक व्हती. माजी न्हवती."

नारायणगावचं एक स्थळ वन्संना सांगून आलेलं होतं. टोमॅटोच्या बाजारात त्यांचा गाळा होता, माणसं चांगली होती, मुलगा बघण्यातला होता. सासऱ्यांनी शेवटी मधला मार्ग काढला. म्हणाले, "पहिले सहा महिने त्यांच्यात परीक्शा आसती म्हनं. पास झालेल्या पोरींना टोपी घालत्यात. टोपी मिळाली तर शिकंल पुढं. न्हाई मिळाली तर फाल्गुनात बार उडवू. तवर थांबा म्हनतो पावण्यांना."

आत्याबाई म्हणाल्या, "टोपी घालाया सहा महिने कशाला लागत्यात? तुमचा भाऊ तर एका दिसात घालतो लोकांना."

सगळे हसले. वन्संही हसल्या, पण मला दिसलं, त्यांनी ओढणीचं टोक बोटाला करकचून गुंडाळलं होतं.

नर्सला सेकंदकाट्याचं घड्याळ लागतं असं शाळेनं कळवलं होतं. घरात तसं एकच होतं. लग्नात माझ्या वडलांनी जावयाला घातलेलं. मालकांनी ते मनगटावरून काढलं आणि बहिणीच्या हातात दिलं. पट्टा मोठा होता. मी तो काढून टाकला आणि घड्याळाला सेफ्टी पिन लावून दिली, छातीशी अडकवायला. जीप आली, ट्रंक टपावर चढली. जीपमध्ये आधीच बारा-तेरा माणसं. वन्सं दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये बसल्या आणि धुक्यात गेल्या. लेण्याद्रीच्या डोंगरात लेण्यांची दारं लांबून काळी काळी दिसतात ना, तसे त्यांचे डोळे मला जीपच्या मागच्या काचेतून शेवटी दिसले.

महिन्यातून एक-दोन रविवार त्यांना घरी सोडायचे. पहिल्या वेळी आल्या त्या सरळ मोरीत गेल्या आणि हात धुवायला लागल्या. तळहात, मग हाताची पाठ, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं, मग कोपरापर्यंत. तांब्यावर तांब्या. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय गं, कुनाचा खून करून आलीस का?"

"आये, पैला धडा हात धुवायचा आसतो."

"येवढं मी तुला दोन वर्साची आसताना शिकीवलं व्हतं. त्येला मंचरला कशाला जावं लागतं?"

दुसरा धडा अंथरुणाचा होता. शाळेत म्हणे आठवडाभर मुली नुसत्या चादरी घालतात. पेशंट वगैरे काही नाही, रिकामी खाट आणि चादर. कोपरा लिफाफ्यासारखा दुमडून गादीखाली सारायचा आणि चादर अशी ताणायची की सुरकुती दिसता कामा नये. वन्संनी ते आमच्या बाजेवर करून बघितलं. बाजेला गादी नव्हती, सुंभ होतं. चादरीचा कोपरा खाली सारला की सुंभाच्या भोकातून लोंबायचा. मग गोधडी दुमडायला गेल्या तर गोधडीनं दाद दिली नाही. आत्याबाईंच्या हातची गोधडी, सात लुगड्यांची. ती कुणासाठी दुमडली नव्हती.

तिसरा धडा पेशंटचा. त्याला पेशंट पाहिजे. वन्सं आईला म्हणाल्या, "आये, तू झोप."

"मी न्हाई बाई. जित्यापनी मढ्याचं सोंग घ्यायचं? आन त्ये बी रविवारी?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हिला झोपव. न्हाई तरी ही बोलत न्हाई. डागदराला आसलंच पेशंट आवडतं."

अशी मी झोपले.

दुपारची वेळ होती. भांडी झाली होती. पडवीत बाज टाकलेली, बाहेर भाताच्या खाचरांवर बारीक पाऊस. दुपारच्या वेळी सुनेनं आडवं होणं ही आमच्या घरात कधी न होणारी गोष्ट. मला दिवस गेले होते, तरी कुणी पड म्हटलेलं नव्हतं आणि मीही पडले नव्हते. बाजेवर पाठ टेकली आणि वरचे वासे इतके लांब दिसले, की मी होडीत आहे आणि ते आभाळातले ढग आहेत असं वाटलं. मी डोळे मिटले.

वन्सं जवळ आल्या. पुस्तकातल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "मी आता तुमची नाडी बघणार आहे."

मी चटकन परकराची गाठ घट्ट धरली.

मग आत्याबाई जात्यासारख्या घरघर हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वन्संना आधी कळलंच नाही. कळलं तशा त्या बाजेच्या कडेवर बसून पोट धरून हसल्या. "अगं वहिनी, हाताची नाडी! मनगटाची!" मी पदर तोंडावर घेतला तो घेतलाच. आमच्या माहेरी 'हात बघणं' म्हणतात. वैद्य हात बघतो. नाडी म्हटली की ती परकराची, तिला दुसरं काही काम असतं हे मला कुठून ठाऊक? त्या दिवसापासून वन्सं माझ्यापुढं 'नाडी' हा शब्द म्हणाल्या नाहीत. "हात दे" म्हणायच्या.

पण हात दिला तरी तो त्यांच्या हातात राहायचा नाही. त्यांची बोटं लागली की माझा हात आपोआप आखडायचा, गोगलगायीसारखा. त्यांच्या बोटांचाही दोष होता, ती बर्फासारखी गार असायची. दोन-तीनदा असं झालं, मग वन्सं थांबल्या. बोटं एकमेकांवर घासली, स्वतःच्या गळ्याशी धरून गरम केली. आणि म्हणाल्या, "वहिनी, आता मी तुझ्या मनगटावर तीन बोटं ठेवणार. दाबणार न्हाई. नुसती ठेवणार." मग ठेवली. हात राहिला.

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या लाजेमुळं त्यांना ते करावं लागलं, एवढंच.

पुढच्या खेपेला अंग पुसायचा धडा होता. कोमट पाण्याचं घमेलं, दोन फडकी, वरून चादर. जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा करायचा, पुसला की झाकायचा, मग दुसरा. वन्सं हळू आवाजात आधी सांगायच्या आणि मग करायच्या. आता कपाळ. आता कानामागं. आता उजवा हात, खांद्यापासून नाही, बोटांपासून. मी डोळे मिटून ऐकत होते. लहानपणानंतर मला कुणी असं पुसलं नव्हतं. पाणी कोमट होतं आणि पडवीतला वारा गार होता. पुसलेला हात चादरीखाली गेला की तो माझा नसून नवाच कुणीतरी आणून ठेवलाय असं वाटायचं. मी झोपत नव्हते आणि जागीही नव्हते. वन्सं मध्येच इंग्रजी शब्द पाठ करायच्या, टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन, आणि ते शब्द पावसात मिसळून दूर वाहत जायचे, ओढ्याला सोडलेल्या पानांसारखे.

मग पायांची पाळी आली. वन्सं पायाशी बसल्या आणि माझे पाय घमेल्यात घेतले. आत्याबाई शेतावरून आल्या आणि दारातच थबकल्या.

"आगं ये! लेक सुनंचं पाय धुती? ह्या घरात? कुनी बघितलं तर काय म्हनंल?"

मी उठायला गेले. वन्संनी माझ्या पोटरीवर हात ठेवला. "आये, पेशंटला सासर-म्हायेर नसतं."

"कुनी सांगितलं?"

"मॅडमनी."

"मग मॅडमला म्हनावं, यिऊन माजं बी धू," आत्याबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं चहाचे दोन कप आणून बाजेशी ठेवले. दोन. माझाही.

नवरात्र गेलं असेल. एका रविवारी वन्सं आल्या त्या हात न धुता पडवीत बसून राहिल्या. घरातले सगळे भातावर गेले होते. मी काही विचारलं नाही, मला विचारता येत नाही. बाज टाकली आणि पडले. तेव्हा त्या उठल्या, हात धुतले, चादर घातली आणि पुसायला लागल्या. मग डोळे मिटलेल्या पेशंटला सांगायला लागल्या. माझ्याशी त्या कधी तसं बोलल्या नव्हत्या. वहिनीशी बोलल्या नसत्या, पेशंटशी बोलल्या.

शाळेतून त्यांना वॉर्डात न्यायला लागले होते. पहिल्या दिवशी एका बाईचं अंग पुसायला दिलं. ती बाई आईच्या वयाची, गोरी, मोठ्या घरची. वन्संनी हात लावला तशी ती म्हणाली, "किती गार हात तुझे, मेल्याहून गार. लांब हो." वन्सं लांब झाल्या. इतक्या लांब, की चादरींच्या खोलीत जाऊन कपाटामागं बसल्या. मॅडमनी तिथून शोधून काढलं. मॅडम म्हणाल्या, "हात लावायला भिणारी नर्स आणि पाण्याला भिणारा मासा, दोघांनी आपलं घरी बसावं." पुण्याकडच्या मुली हसल्या. तेव्हापासून वॉर्डात गेलं की हातच उचलत नाही, म्हणाल्या. कागदावर सगळं येतं. खाट घालता येते. माणूस आलं की हात दगड होतो.

"टोपी मिळायची न्हाई मला," त्या म्हणाल्या. माझ्या तळव्यावरून फडकं फिरवत होत्या. "दिवाळीला ट्रंकच घेऊन येते. नारायणगावच्या गाळ्यावर टोमॅटो निवडता येतील. टोमॅटोला हात लावायचं भ्या वाटत न्हाई."

मला तेव्हा खूप काही म्हणायचं होतं. की तुमचे हात आता गार नाहीत. की ह्या घरात मला हात लावायच्या आधी कधी कुणी सांगितलं नव्हतं, तुम्ही सांगता. पण बोलायला तोंड उघडायचं तर डोळे उघडावे लागले असते, आणि डोळे उघडले की मी पुन्हा वहिनी झाले असते. मी तशीच पडून राहिले. वन्संनी पाय झाकले आणि चादरीचा कोपरा लिफाफ्यासारखा दुमडला. सुंभातून तो लोंबला.

दिवाळीला त्या खरंच ट्रंक घेऊन आल्या. आत्याबाईंनी ट्रंकेकडं बघितलं, आणि संध्याकाळी सासऱ्यांना म्हणाल्या, "पावण्यांना निरोप धाडायचा का?" सासरे म्हणाले, "भाऊबीज तर हू द्या."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी भांडी तशीच ठेवली. पडवीत बाज आणली, चादर घातली, जमेल तसे कोपरे दुमडले आणि कुणी न सांगता जाऊन पडले. माझं पोट तेव्हा चादरीवरून चांगलंच दिसत होतं. वन्सं बाहेर उन्हात बसून हिरडे निवडत होत्या. मी डोळे मिटले आणि वाट बघितली. आपण काय करतोय ते मला नीट कळत नव्हतं. एवढंच वाटत होतं, की पेशंट आहे म्हटल्यावर त्यांना यावं लागेल.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग मोरीत तांब्या वाजला. एकदा, दोनदा. मग पुष्कळदा.

"वहिनी," आवाज जवळून आला, "आता मी तुझ्या मनगटावर तीन बोटं ठेवणार."

दिवाळीची सुट्टी संपली तेव्हा ट्रंक परत जीपच्या टपावर गेली. आत्याबाई म्हणाल्या, "आता गेलीस तर टोपी घिऊनच ये. न्हाईतर पदर घ्यायचाच हाय डोस्क्यावर."

पौषात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. माहेरापासून जवळ तोच दवाखाना, वन्संच्या शाळेचा. आईनं मला तिथंच नेलं. मुलगी झाली. त्यानंतरचा दीड-दोन दिवस मला नीट आठवत नाही. खिडकीतून येणारं थंडीतलं पिवळं ऊन, कुणाचं तरी बाळ रडतंय, ते माझंच आहे हे उशिरा लक्षात येणं, आणि छतावरचा पंखा न फिरता फिरतोय असं दिसणं. सगळं पडवीतल्या दुपारींसारखंच होतं, फक्त अंथरूण खरं होतं. मी हात घालून बघितलं. कोपरा लिफाफ्यासारखा दुमडलेला होता आणि खाली लोंबत नव्हता.

बायकांचा एकच मोठा वॉर्ड होता. माझ्या शेजारच्या खाटेवर भीमाशंकरकडच्या डोंगरातली एक बाई होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. जिभेची तिखट, पण मनानं मोकळी. माझ्या आईला सांगायची, "तुमची लेक बोलत न्हाई, म्हून मी दोघींचं बोलती."

एका सकाळी आई चहा आणायला गेली होती आणि वॉर्डात गडबड झाली. चादरी ताणल्या गेल्या, बाटल्या हलवल्या गेल्या. पांढऱ्या कपड्यातल्या मुली रांगेनं आत आल्या. बरोबर एक जाड चष्म्याच्या मॅडम आणि बाहेरून आलेले एक डॉक्टर, परीक्षा घ्यायला. मुलींच्या रांगेत वन्सं होत्या. छातीशी माझ्या वडलांनी दिलेलं घड्याळ उलटं लोंबत होतं. मी त्यांना बघितलं, त्यांनी मला बघितलं. ओळख दाखवायची नाही हे आम्हा दोघींनाही कुणी न सांगता कळलं.

एकेका मुलीला एकेक खाट दिली. वन्संना माझ्या शेजारची मिळाली.

त्या खाटेशी उभ्या राहिल्या. डॉक्टर आणि मॅडम पायाशी. वन्संनी हात गळ्याशी धरून गरम केले, तेवढं मला दिसलं. पण मॅडम बघतायत म्हटल्यावर जिभेवर पुस्तक आलं. "नमस्कार. मी आता तुमची नाडी बघणार आहे."

शेजारणीनं दोन्ही हातांनी परकराची गाठ धरली.

"कशाला? काय काम हाय नाडीशी?"

"नाडी बघून लिहायची आहे," वन्सं म्हणाल्या. आवाज चिरकला होता.

"नाडी लिव्हायची? आगं बये! पोटावर टाकं हायती माज्या, आन हितं ह्यो बाप्या हुबा!" तिनं डॉक्टरांकडं हात केला. "माजी नाडी सोडाया माज्या मालकाला बी इचारावं लागतं, तू कोन गं?"

सगळा वॉर्ड हसला. मुली हसल्या, झाडू मारणारी मावशी हसली. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. मॅडम हसल्या नाहीत. त्या वन्संकडं बघत होत्या, चादरींच्या खोलीत शोधायला आल्यासारख्या. वन्संचा उचललेला हात खाली गेला. मला तो दगड होताना दिसला. त्यांचं एक पाऊल मागं सरकलं, दाराकडं.

मला काय झालं ते मी आजही सांगू शकत नाही. आयुष्यात मी परक्या माणसांपुढं कधी आवाज काढला नव्हता. आणि हाक तरी काय मारायची? वन्सं म्हटलं तर नातं उघडं पडणार. नाव तर भावजयीनं घ्यायचंच नाही. वॉर्डातल्या सगळ्या बाया जे म्हणत होत्या तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"सिस्टर, आदी माजी बघा."

माझाच आवाज मला लांबून आला. मी चादरीतून हात बाहेर काढला आणि दोन खाटांच्या मध्ये धरला. मनगट वर करून.

वन्सं वळल्या. त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं आणि पुस्तक त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलं. जवळ आल्या. "आता मी तुमच्या मनगटावर तीन बोटं ठेवणार," पडवीतल्या आवाजात म्हणाल्या. "दाबणार न्हाई. नुसती ठेवणार." ठेवली. बोटं उबदार होती. त्यांनी छातीवरचं घड्याळ दुसऱ्या हातानं उचललं आणि काट्याकडं बघत राहिल्या. मी सवयीनं डोळे मिटले.

"हात्तिच्या मारी!" शेजारीण म्हणाली. "ही नाडी व्हय? मग हात बघती म्हनावं की! मी म्हनलं पोरगी येडी का खुळी!" आणि तिनं आपला हात पुढं केला. "घे बाय. दोनी घे."

वन्संनी तिचा हात बघितला. ताप बघितला. मग पाण्याचं भांडं आलं, आणि त्यांनी तिचं तोंड आणि हात पुसले, एकेक सांगून, एकेक झाकून. ती बाई मध्येच म्हणाली, "झोप येती गं तुज्या हातानं." माझे डोळे मिटलेलेच होते. मला बघायची गरज नव्हती. कधी फडकं पिळलं, कधी चादर ओढली, सगळं मला कानानं कळत होतं.

सगळं झाल्यावर मॅडम माझ्या खाटेशी येऊन थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मग वन्संच्या छातीवरच्या पुरुषी घड्याळाकडं. "बाई, ही मुलगी कोण लागते तुमची?"

माझं आलेलं धाडस तेव्हा सगळं संपलं होतं. मी पदर नाकापर्यंत ओढला. खोटं बोलवेना आणि खरं सांगायला शब्द सुचेना. मला इंग्रजी तेवढंच येत होतं.

"सिस्टर," मी म्हणाले.

मॅडम ओठ दाबून म्हणाल्या, "बरं," आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

टोपी माघात मिळाली. सासरे आणि मालक कार्यक्रमाला गेले होते, आत्याबाईसुद्धा, नवं लुगडं नेसून. मी बाळंतीण, माहेरी खोलीत. मालकांनी नंतर सांगितलं, मुलींच्या हातात दिवे होते, आणि आत्याबाई शेजारच्या अनोळखी बाईला सारखं सांगत होत्या, ती चौथी, ती आमची. नारायणगावच्या पाहुण्यांना निरोप गेला. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. त्यांना दुसरी मुलगी बघायला जायचंच होतं.

वन्सं बाळाला बघायला आल्या तेव्हा दुपार होती. टोपी प्लास्टिकच्या पिशवीत होती, चुरगळू नये म्हणून पिशवी हातात उंच धरलेली, दिवा धरावा तशी. मी म्हणायला गेले "या वन्सं" आणि तोंडातून आलं "या सिस्टर." आई हसली. वन्सं हसल्या नाहीत. पिशवी खुंटीला अडकवली आणि मोरीकडं गेल्या. तांब्या वाजला, पुष्कळदा.

येऊन बाळाशी बसल्या. बोटं गळ्याशी धरून गरम केली. "आता मी तुझ्या मनगटावर बोट ठेवणार हं," म्हणाल्या. "एकच. दाबणार न्हाई."

"तिला काय कळतंय?" आई म्हणाली.

"कळू दे न्हाईतर न कळू दे," वन्सं म्हणाल्या. "सांगावं लागतं."

बाळाचं मनगट इतकं लहान होतं, की बोटाखाली ते दिसतच नव्हतं. वन्संनी छातीवरचं घड्याळ उचललं. बाहेर कुठं तरी कोंबडी केकाटत होती आणि उंबऱ्यापाशी ऊन येऊन पडलं होतं.

"लई पळती," वन्सं हळूच म्हणाल्या, आणि बोट तसंच ठेवलं.